दुसरा ‘एम’ आणि उंच बॉनेट

अंधेरीला स्वामी विवेकानंद रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत माझ्या मामूंचं गॅरेज होतं. रस्त्याला जुनी माणसं तेव्हाही घोडबंदर रोडच म्हणायची. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, मध्ये एक खड्डा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने आणि दाराशी एक नाही तर दोन जीप. मामू फक्त जीपच दुरुस्त करायचे. फियाट आली की समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे. “ती नाजूक बाई आहे, तिला तिकडं न्या,” असं म्हणायचे. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. माझं पुढचं आयुष्य कवितेत गेलं, बी.ए.ला मराठी घेतलं, पण वस्तूकडे नीट बघायला मी शिकलो तो त्या शेडमध्ये.

पहिला धडा बॉनेटचा होता. दुरून जीप येताना दिसली की मामू विचारायचे, “कुठली?” आणि मी सांगायचं. बसकं बॉनेट म्हणजे जुनी. उंच, पेटीसारखं चौकोनी बॉनेट म्हणजे ‘थ्री बी’. समोरच्या काचेचे दोन तुकडे असतील तर लढाईतली किंवा लढाईनंतर लगेचची, एकच काच असेल तर पुढची. जाळीच्या उभ्या फटी मोजायच्या: नऊ असल्या तर लष्करी, सात असल्या तर नागरी. हे सगळं मला वयाच्या दहाव्या वर्षी पाठ होतं. पाढे मात्र सोळाच्या पुढं येत नव्हते.

दुसरा धडा नावाचा होता. तो मामू प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला द्यायचे. जीपवरच्या महिंद्रच्या नावाकडे बोट दाखवून म्हणायचे, “एम अँड एम. पहिला एम महिंद्रांचा. दुसरा कुणाचा, सांगा?” गिऱ्हाईक म्हणे, दोन्ही महिंद्रांचेच की! मामू हसायचे आणि हात पुसत म्हणायचे, “दुसरा आपला होता. मोहम्मद.”

मला ही मामूंची थाप वाटायची. ती थाप नव्हती. पण तिथवर यायला आधी जीपचीच गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ज्यानं केलं त्याचं नाव राहत नाही, ही गोष्ट या गाडीच्या जन्मापासूनच तिच्या नशिबी आहे.

१९४० सालचा उन्हाळा. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी, चिखलातून आणि दगडांतून जाणारी टेहळणीची गाडी हवी होती. लष्करानं मोटार कंपन्यांना विचारलं आणि नमुना तयार करायला मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची ‘अमेरिकन बँटम’ ही छोटी, डबघाईला आलेली कंपनी पुढं आली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्यानं झपाट्यानं आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. गाडी पसंत पडली. मग लष्कराच्या लक्षात आलं की इतक्या छोट्या कंपनीला लाखो गाड्या जमायच्या नाहीत. आराखडे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांच्या हाती गेले. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. पुढं विलीज कंपनी ‘जीप आम्ही घडवली’ अशा जाहिराती करू लागली, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १९४८ मध्ये तिला तसं म्हणायला मनाई केली. पण त्याचा उपयोग काय? बँटमचं दिवाळं निघालं आणि १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव रीतसर विलीजच्याच मालकीचं झालं.

या गाडीत असं होतं तरी काय? मामूंच्या भाषेत सांगायचं तर ‘तीन दांडे’. साध्या मोटारीत गिअरचा एक दांडा. जीपमध्ये त्याच्या शेजारी आणखी दोन छोटे. एक ओढला की इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जातो. दुसरा ओढला की गाडी मुंगीच्या चालीनं चालते, पण तिचा जोर कितीतरी पटीनं वाढतो. मागची चाकं चिखलात नुसती गरगरा फिरू लागली की पुढची चाकं तिला ओढून काढतात. खाली जाड पाट्यांच्या स्प्रिंगा, वर ताडपत्री, दारं नाहीत. बिघडण्यासारखं काही नसल्यामुळं जे बिघडेल ते दिसतं, आणि दिसेल ते सुधारता येतं. गॅरेजवाल्याला यापेक्षा चांगलं वाहन नाही, असं मामूंचं मत होतं. त्यांचा धंदा कसा चालायचा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता मुंबईकडे येऊ. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ मूळ पंजाबातल्या लुधियानाचे. जगदीशचंद्र मुंबईत व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकले, टाटांच्या पोलाद कंपनीत वाढले आणि युद्धाच्या काळात सरकारचे पोलाद नियंत्रक झाले. धाकटे कैलासचंद्र केंब्रिजला शिकलेले, लेखणी हाती असलेले गृहस्थ. युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या खरेदी मंडळाचं काम घेऊन ते अमेरिकेत होते. तिथं त्यांची गाठ बार्नी रूस या विलीजच्या मुख्य अभियंत्याशी पडली, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. रस्ते नसलेल्या देशाला ही गाडी उपयोगाची आहे, हे त्यांच्या मनानं तिथंच घेतलं.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत कंपनी निघाली. तिचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’. काम पोलादाच्या व्यापाराचं. मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. लाहोरचा जन्म, अलीगढचं शिक्षण, रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकीर्द आणि नंतर हैदराबादच्या निजामाचे अर्थमंत्री. हिशेबात पक्का माणूस. कंपनीत त्यांचा हिस्सा मोठा नव्हता. तरीही त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर लागलं. त्या वेळी देशात जे वारे वाहत होते, त्यांत हिंदू-मुसलमान दोघांची नावं एका पाटीवर असावीत असं महिंद्र बंधूंना वाटलं, असं या घराण्यातले पुढचे लोक सांगत आले.

पाटी तीन वर्षंही टिकली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये देश वाटला गेला आणि मोहम्मद कराचीला गेले, ते थेट नव्या पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री म्हणूनच. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. कागद, लिफाफे सगळे ‘एम अँड एम’ या अक्षरांनी छापून पडले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून अक्षरं तशीच ठेवली, अशी एक आख्यायिका आहे. खरी असेल तर ती दोन्ही बाजूंच्या हिशेबी स्वभावाला शोभणारी आहे. दुसरा एम होता तिथंच राहिला, फक्त त्याचा अर्थ बदलला.

मामूंचा थोरला भाऊ त्याच १९४८ साली आगबोटीनं कराचीला गेला. आमच्यासारख्या कोकणी मुसलमानांची काही घरं तिकडं गेली, बरीचशी इथंच राहिली. एकाच घरातला एक गेला, एक राहिला, असंही झालं. का गेला, याचं उत्तर आमच्या घरात कुणी दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मामू तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी जीप खोलून जोडणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली होते. थोरला भाऊ तिकडं एका सरकारी खात्यात ड्रायव्हर झाला. चालवायला मिळाली जीप. विलीजचीच.

इकडं १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत मुंबईला आल्या होत्या. १९४९ पासून माझगावला त्यांची जोडणी सुरू झाली. देशाला जीपची निकड किती होती, याचा पुरावा एका लफड्यातच आहे. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी जीपचा करार केला. त्यातल्या १५५ गाड्या आल्या आणि त्या चालण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातलं पहिलं गाजलेलं प्रकरण ते हेच. १९५५ मध्ये सरकारनं ते बंद केलं.

१९५४ मध्ये महिंद्रनं विलीजबरोबर करार करून जोडणीच्या पुढं जायचं ठरवलं. आता सुटे भागही इथं घडवायचे होते. याच सुमाराला ती उंच बॉनेटची ‘सी.जे. थ्री बी’ आली. सी.जे. म्हणजे ‘सिव्हिलियन जीप’, नागरी जीप. युद्ध संपल्यावर विलीजनं १९४५ मध्ये ‘टू ए’ काढली होती. दिवे मोठे, मागं उघडणारं फळकूट आणि सुटं चाक बाजूला. १९४९ मध्ये ‘थ्री ए’ आली, एका काचेची. १९५३ ची ‘थ्री बी’ मात्र वेगळी दिसू लागली, आणि त्याचं कारण सौंदर्याचं नव्हतं. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूला न ठेवता डोक्यावर नेले होते. त्यामुळं जोर वाढला, पण इंजिनही उंच झालं. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत लोकांनी या उंच कपाळाला नाकं मुरडली. टोलेडोच्या कारखान्यात सुमारे दीड लाख गाड्या निघून १९६८ मध्ये ती बंद पडली. आपल्याकडं मात्र तीच ‘जीप’ ठरली. आमच्या पिढीला डोळे मिटून जीप काढायला सांगा, उंच बॉनेटचीच काढेल.

१९६२ पर्यंत गाडीचा सत्तर टक्के भाग देशी झाल्याची नोंद आहे. त्याच दशकात उपनगरांचं रूप पालटत होतं. कुर्ल्याला फियाट बनत होती. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना धुराडी उभी राहत होती. कांदिवलीला आकुर्ली रोडवर महिंद्रचा कारखाना विस्तारत होता. १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि आपल्या व्होल्टासबरोबर ट्रॅक्टरची कंपनी निघाली, तीही कांदिवलीला. मी पहिल्यांदा तिथं गेलो तो मामूंबरोबर, एका ओळखीच्या फिटरला भेटायला. फाटकातून आत जायला मिळालं नाही. पाळी सुटली आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडला. मामू त्या माणसांकडे असं बघत होते, जसे लोक क्रिकेटच्या खेळाडूंकडे बघतात. “यांच्यातल्या कुणीतरी माझ्या जीपचा ब्लॉक घासला असेल,” म्हणाले. आज तिथून जवळच मेट्रोचं आकुर्ली स्थानक आहे. २०२२ साली सुरू झालेलं. वरून जाताना मी अजून खिडकीशी उभा राहतो.

ही गाडी देशात कुठं कुठं गेली ते सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. १९५२ च्या गांधी जयंतीला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी, त्याची जीप आणि जीपच्या मागं पळणारी पोरं हे चित्र गावोगाव दिसू लागलं. मामलेदार, फौजदार, वनखातं, निवडणुकीचा प्रचार या सगळ्यांची सत्ता जीपमधून उतरायची. सिनेमात ती प्रेमही करू लागली. ‘आराधना’मध्ये (१९६९) दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला समांतर धावणारी राजेश खन्नाची उघडी जीप कुणाला आठवत नाही? शर्मिला टागोर तेव्हा दुसऱ्या चित्रीकरणात होत्या. त्यांचे डब्याच्या खिडकीतले चेहरे मुंबईत स्टुडिओत टिपून जोडले, हे मला फार उशिरा कळलं. मामूंना सांगितलं तर म्हणाले, “जीप तर खरी होती ना?”

पण एका जीपबद्दल मामू वेगळ्या आवाजात बोलायचे. गॅरेजमध्ये कॅलेंडरच्या शेजारी एक चित्र चिकटवलेलं होतं. कडा तेलकट झालेल्या. ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचं. उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंप्याचे चिरंजीव, चार ग्रेनेडियर्स पलटणीतले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरण भागात चीमा गावाजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. हमीद यांच्याजवळ होती एक जीप आणि तिच्यावर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ. उसाच्या आडोशानं जागा बदलत त्यांनी एकामागून एक रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला तिथंच ते पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पत्र्याची, दारं नसलेली गाडी आणि समोर कित्येक टनांचा रणगाडा! मामू ते चित्र दाखवताना तोफेबद्दल कमी आणि जीप उसात कशी वळवली असेल याबद्दल जास्त बोलायचे. “लो गिअरला टाकली असेल. आवाज कमी, धूळ कमी.” त्याच सप्टेंबरात कराचीहून येणारी पत्रं बंद झाली होती. पुढं १९७१ मध्ये पुन्हा झाली. मामूंनी या दोन गोष्टी माझ्यासमोर कधी एका वाक्यात आणल्या नाहीत.

१९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि जीपचा स्वभावच बदलला. विलीजचं इंजिन मोठं तहानेलं होतं. महिंद्रनं शेजारचाच उपाय केला. ट्रॅक्टरच्या इंजिनाशी नातं असलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. एका आवारातली दोन भावंडं, एकाचं हृदय दुसऱ्याला! ही जीप ट्रॅक्टरसारखीच धडधडायची. अंधेरीच्या गल्लीत ती शिरली की घरातली भांडी वाजायची. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून सुधारित डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला. इगतपुरी आणि नाशिकची नावं कांदिवलीच्या जोडीला येऊ लागली. ऐंशीच्या दशकात ‘एम.एम. ५४०’ आली. जुन्या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर ८० इंच होतं, हिचं ९१. अकरा इंच वाढले आणि आणखी चार माणसं बसली. आठ बसली, असंही म्हणता येईल. नंतरच्या ‘कमांडर’नं तर हद्द केली.

कोकण रेल्वे १९९८ पर्यंत पूर्णपणे सुरू झाली नव्हती. एस.टी. चुकली की आमच्यासारख्यांना तिठ्यावर उभ्या असलेल्या जीपचाच आधार. घाटावर त्याला ‘वडाप’ म्हणतात. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस, मागं कोंबड्यांची डालगी, टपावर तांदळाची पोती, मागच्या पायरीवर दोघं लटकलेले. लढाईसाठी जन्मलेल्या गाडीनं एवढी लढाई क्वचितच केली असेल. गंमत म्हणजे यांतल्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या चाकांना जोर देणारी यंत्रणाच नसायची. खर्च वाचवायला ती काढूनच विकत. मामू असल्या गाडीला ‘जीप’ म्हणायला तयार नसत. दोन दांडे तोडले म्हणजे जात बदलली, असं त्यांचं म्हणणं. लष्करानंही तोवर सोबती बदलले होते. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्यानं बनणारी ‘जोंगा’ १९६९ पासून होती, पुढं मारुतीची जिप्सी आली.

मामूंचं गॅरेज डिसेंबर १९९२ मध्ये बंद राहिलं आणि जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा. संचारबंदीत गल्लीच्या तोंडाशी जीपचा आवाज आला की घरातले सगळे गप्प व्हायचे. फक्त मामू कान देऊन म्हणायचे, “पेट्रोल आहे” किंवा “डिझेल”. फेब्रुवारीत शेड उघडली. आत दोन गिऱ्हाइकांच्या जीप होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. कामही आधीसारखंच सुरू झालं. पण ‘दुसरा एम कुणाचा’ हा प्रश्न मामूंनी त्यानंतर कुणाला विचारलेला मी ऐकला नाही. गिऱ्हाइकांत जुने लोक होते, त्यांतल्या एकानं एकदा आपणहून आठवण काढली, “मामू, ते एमचं काय हो?” मामू म्हणाले, “काही नाही. दोन्ही त्यांचेच.”

पुढचा इतिहास तुम्हाला रस्त्यावर दिसतोच. १९९३ ची आर्माडा, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. गाड्यांना दारं आली, काचा आल्या, गारवा आला. जीप म्हणून जे होतं ते आटत गेलं. २०१० मध्ये कंपनीनं ‘थार’ काढली, तेव्हा मात्र जुनं रूप परत आलं: गोल दिवे, उभ्या फटी, उघडं टप. मामू तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नातवानं त्यांना हट्टानं दाखवायला नेलं. त्यांनी बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक केली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, “पाटे आहेत का?” मागं होते, पुढं नव्हते. अर्धे मार्क दिले. २०२० मध्ये आलेली नवी थार त्यांनी पाहिली नाही. आता अंधेरीच्या लोखंडवाला भागात ती चिखल न पाहता उभी असते.

नावाचं भांडण मात्र या गाडीचा पिच्छा सोडत नाही. २०१८ मध्ये महिंद्रनं अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची, रस्त्यावर न चालवायची, रानावनातली गाडी काढली. तिथं आता ‘जीप’ या नावाची मालकी फियाट-क्रायस्लरकडे होती. विलीजकडून कायझर, मग अमेरिकन मोटर्स, मग क्रायस्लर असं ते नाव हात बदलत गेलेलं. त्यांनी तक्रार केली की हिचं रूप आमच्या जीपची नक्कल आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ते मान्य केलं आणि महिंद्रला चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षं ज्यांनी ते रूप जगवलं, त्यांना ते रूप परक्याचं आहे असं सांगण्यात आलं. आणि खरी, नावाची, मालकीहक्काची ‘जीप’ २०१७ पासून बनते आहे ती कुठं? पुण्याजवळ, रांजणगावला. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या शेजारी. बँटमवाल्यांना हे सगळं बघून हसू आलं असतं.

मामू २०१२ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी ते आजारी होते आणि मी वाचनालयात बसून गुलाम मोहम्मद यांच्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. लहानपणची थाप खरी निघाल्याचा आनंद फार टिकला नाही. हा माणूस १९५१ मध्ये पाकिस्तानचा गव्हर्नर जनरल झाला आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यानं तिथली घटना समितीच बरखास्त केली. तिकडच्या लोकशाहीला बसलेला पहिला मोठा तडाखा तो, असं इतिहासकार मानतात. मामूंनी आयुष्यभर ज्याच्या नावाचा अभिमान बाळगला, आणि मग गिळला, तो हा. आपण आपल्याला हवा तो मोहम्मद पाटीवर लावला होता. मला हे त्यांना सांगावंसं वाटेना.

पण एक नोंद सांगण्यासारखी मिळाली. २६ जानेवारी १९५५ ला दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचं संचलन राजपथावर झालं, त्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले गेले होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम मोहम्मद. प्रकृती पार खालावलेली, पुढच्या वर्षी ते वारलेच. जुने भागीदार जगदीशचंद्र १९५१ मध्येच गेले होते. तरी या भेटीत त्यांनी महिंद्र कुटुंबाची आठवणीनं विचारपूस केली, असं त्या घरातून पुढं सांगितलं गेलं.

हे मी मामूंना त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. बरखास्तीचं गाळलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तो बसला होता आणि समोरून आपली परेड गेली.”

“हो.”

“जीप असतील.”

“लष्कराची परेड म्हटल्यावर जीप असणारच, मामू.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर नातू कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि गॅरेजमधल्या त्या जुन्या आवाजात विचारलं, “कुठल्या? बसक्या बॉनेटच्या की उंच?”

मला सांगता आलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)